मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिल्लाची छाती आत दबलेली असेल तर काय करायचं

पिल्लाला हातात घेऊन छातीखालून हळूच बोट फिरवा. मधलं हाड पोटाकडच्या टोकाला खड्ड्यासारखं आत गेलेलं लागलं आणि पिल्लू जरा खेळलं की धापा टाकतंय, वजन धरत नाहीये, तर थांबू नका. आमचं पिल्लू लालबागच्या चाळीत जिन्याखाली सापडलेलं, पहिल्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं आणि त्यातच दोन आठवडे गेले, आणि इथे वय हीच मुख्य गोष्ट आहे. साधारण चार महिन्यांच्या आत हाड-कूर्चा मऊ असतात म्हणून बाहेरून ओढून वळवता येतात, नंतर कडक झाल्या की ऑपरेशन मोठं होतं.

आधी एक्स-रे काढा, हृदयात घरघर ऐकू आली तर टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही, कारण कधी हृदय नुसतं बाजूला ढकललेलं असतं तर कधी खरंच जन्मजात दोष असतो. खड्डा कमी असेल आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. कुठे जायचं कळत नसेल तर मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन सर्जरीवाल्या डॉक्टरांना विचारा, हे ऑपरेशन आधी कोणी केलंय का, हे बिनधास्त विचारा.

ऑपरेशनमध्ये गरम करून वळवता येणाऱ्या प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे बाहेरून बांधायचा आधार, छातीच्या मापाने बनवतात, छातीच्या हाडाभोवतून जाड टाके घेऊन हाड त्याला बाहेर ओढून बांधतात. सुई हृदय-फुफ्फुसाच्या अगदी जवळून जाते, म्हणून हात सरावाचाच हवा. एवढ्याशा पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, साखर उतरते, किती तास ते डॉक्टरांनाच विचारा.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस झोपेतले श्वास मोजून लिहून ठेवा. आकडा चढत गेला, तोंड उघडून श्वास घेतला किंवा जीभ निळसर दिसली तर रात्र असली तरी निघा. स्प्लिंट साधारण दोन ते चार आठवडे राहतो. रोज टॉर्च मारून कडेला बघायचं, वास, पू, लाल चट्टा काहीही दिसलं की फोन करा. आपल्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही, आतलं कापड ओलं राहिलं की कातडी सोलवटते, त्यामुळे ते कोरडं ठेवा, पण स्वतः सैल करू नका. उचलताना छातीला हात न लावता मागून पायाखाली आधार द्या, आई चाटून टाके उसवत असेल तर फक्त दूध पाजायला जवळ सोडा. स्प्लिंट काढल्यावर परत एक्स-रे काढून जुन्याशी ताडून घ्या.