कमरेचा सेन्सर आणि आजीची झोळी: लहानग्यांची हालचाल मोजताना या चुका टाळा

एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या कमरेला बांधलेला ॲक्सेलरोमीटर किती हालचाल झाली ते नोंदवतो, पण मूल स्वतः हलले की त्याला कोणी हलवले, हे त्याला कळत नाही. आपल्या सांगली-मिरजेकडच्या घरांत मोजणी बहुतेक वेळा इथेच फसते. दुपारी मूल झोळीत झोपते, आजी दोरी ओढत राहते आणि झोपेचा तासभर नोंदीत हलकी हालचाल म्हणून उमटू शकतो. आईच्या कडेवर बसून मळ्याकडे जाताना किंवा मोटारसायकलवर पुढे बसून तासगावच्या रस्त्याने धक्के खातानाही तेच होते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते बदलू नये. घरी एक वही द्यावी, तिच्यात झोळी, कडेवर, गाडी आणि आंघोळ एवढेच रकाने ठेवावेत, आणि वही आजीच भरणार असेल तर रकान्यांवर अक्षरांऐवजी चित्रे काढावीत. सेन्सर सुरू करताना संगणकाचे आणि घरातले घड्याळ जुळवून घ्यावे. दहा मिनिटांच्या फरकानेही झोळीची वेळ खेळाच्या खात्यात जाते.

दुसरी चूक मोठ्यांसाठीची मांडणी जशीच्या तशी वापरण्याची. लहान मूल चार-पाच सेकंद धावते आणि मटकन बसते. 60 सेकंदांच्या बेरजेत ते धावणे विरघळून जाते, म्हणून नोंदीचा टप्पा, म्हणजे एका बेरजेचा काळ, 15 सेकंदांचा किंवा त्याहून लहान ठेवावा. संशोधक ट्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये या वयासाठी दिलेल्या मर्यादेनुसार 15 सेकंदांत 418 पेक्षा जास्त काउंट (सेन्सर हालचाल ज्या आकड्यांत नोंदवतो ते) आले तर हालचाल मध्यम ते जोमदार मानतात. ही मर्यादा कमरेवरच्या ॲक्टिग्राफ बनावटीच्या सेन्सरसाठी आहे. मनगटावरच्या किंवा दुसऱ्या बनावटीच्या सेन्सरला ती लावू नये.

पट्टा करदोऱ्याच्या वर, उजव्या बाजूला, घट्ट पण न रुतेल असा बांधावा. सैल पट्ट्यावर सेन्सर आपला आपण हिंदकळतो. सलग शून्ये दिसली की ती झोप की काढून ठेवलेला पट्टा, हे वहीवरूनच ठरवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान 180 मिनिटांची, कोणत्याही तीव्रतेची हालचाल सांगितली आहे. हलकी हालचालही त्यात धरली जात असल्यामुळे झोळीचे झोके वगळले नाहीत, तर ते थेट या 180 मिनिटांत मिसळतात आणि दिवसभर कडेवर असलेले मूलही कागदावर भरपूर खेळलेले दिसते.