वर चिकण, खाली वाळू: जुन्या तळ्याच्या तळावरचा खड्डा कसा नोंदवावा

मातीचे थर बघायला घेतलेल्या खड्ड्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आजूबाजूला नुसतं फिरा. तळ्याचा जुना तळ डोळ्यांना अगदी सपाट दिसतो, उतार बहुधा एक टक्क्याच्याही आत. तरी पन्नास पावलांत वीतभर चढ-उतार असतोच, आणि इतक्या सपाट जागी वीतभराच्या फरकानेही निचरा बदलतो. पाणी कुठे साचून सुकलंय, लव्हाळा कुठे माजलाय, चर कुठून कुठे गेलाय, जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या आहेत का, हे आधी वहीत उतरवा. एकदा खाली उतरलं की सगळं लक्ष समोरच्या भिंतीवर खिळतं आणि वरचं राहून जातं.

मी बरीच वर्षं अशा जमिनी नोंदवत आले आहे. वर दीड-दोन हात चिकणमाती, खाली एकदम वाळू, आणि पाणी काही हटत नाही. नवीन मुलांच्या वह्या तपासताना मला एकच उणीव सारखी दिसते. पोत बरोबर ओळखलेला असतो, रंग नीट मोजलेला असतो, पण चिकण आणि वाळू जिथे भेटतात तिथे पाणी काय करतंय यावर एक ओळही नसते. या जमिनीचा स्वभाव तर तिथेच ठरतो.

हे थर असे का बसले ते माहीत असलं की खड्ड्यात काय शोधायचं ते कळतं. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला साधारण ८ तास घेतो. वाळूचा सर्वांत बारीक, ०.०५ मिलिमीटरचा कण तेच अंतर पाऊण मिनिटात कापतो. त्यामुळे वाळू काठाशी किंवा नदीच्या मुखाशीच बसते आणि चिकण खोल, निवांत पाण्यात. पुढे तळ्याची पातळी चढली, की जिथे काठ होता तिथे खोल पाणी येतं आणि जुन्या वाळूवर चिकण साचत जाते. हिमयुगाच्या अखेरीस बर्फापुढे तुंबलेल्या उत्तर अमेरिकेतल्या अगासीझ आणि मॉमी या तळ्यांनी असे सपाट तळ मागे ठेवले. मॉमीच्या तळावर, वायव्य ओहायोत, पुढे ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ ही मोठी दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि भाजक्या मातीच्या नळ्या पुरून तिथे शेती उभी राहिली. निचरा करून कितीही वर्षं झाली तरी ओलीच्या काळातले करडे रंग मातीत टिकून राहतात. म्हणून नळ्यांची नोंद आधी घ्यायची. नाहीतर रंग एक सांगतो आणि पाणी दुसरंच.

खोदताना एक जपा. वाळूत पाणी असेल तर ती खालून वाहून खड्ड्यात येते, भिंत पोखरली जाते आणि वरची चिकण अखंड लादीसारखी कोसळते. मी कमरेएवढा खड्डा करते आणि त्याखालचं सगळं ऑगरने, म्हणजे हाताच्या गिरमिटाने, काढते. वर कोणी सोबतीला नसेल तर खाली उतरत नाही.

फावड्याने कापलेली चिकणमातीची भिंत गुळगुळीत चकाकते. दिसायला छान, पण त्या लेपाखाली भेगा, मुळांच्या वाटा, ठिपके सगळं दडतं. सुरीच्या टोकाने वरून खाली थोडी थोडी माती उचकटत या. खरवडायचं नाही, उचकटायचं, म्हणजे माती तिच्या नैसर्गिक जोडावर सुटते. उचकटून झालं की मोजपट्टी लावा आणि दोन पावलं मागे सरका. थरांच्या रेघा जवळून दिसत नाहीत, लांबून दिसतात.

पोत हातानेच ओळखायचा. सुपारीएवढी माती ओली करून दोन-तीन मिनिटं चांगली मळा. चिकणीची ढेकळं लवकर फुटत नाहीत, आणि अर्धवट मळलेली माती हाताला खरखरीत लागून फसवते. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पट्टी काढा. ५ सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती चिकण आहे. वाळूची पट्टी होतच नाही, मुठीत दाबलेला गोळाही बोट लागताच विस्कटतो. वाळू बारीक की भरड हे मात्र नक्की लिहा, कारण पाण्याचं पुढचं वागणं त्यावर आहे.

रंग मुन्सेलच्या, म्हणजे मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या, पुस्तिकेशी ताडून बघायचा. माती ओलसर हवी, चकाकण्याइतकी ओली नको. ऊन आपल्या खांद्यावरून मातीवर पडू द्या आणि गॉगल काढा. निचरा नसलेल्या थरात ढेकूळ फोडल्याबरोबर दिसलेला रंग लगेच लिहा, मग तेच ढेकूळ अर्धा तास हवेवर ठेवून पुन्हा बघा. निळसर-करडी माती तपकिरी होऊ लागली तर तिच्यातलं लोह विद्राव्य, फेरस रूपात होतं. त्याची खात्री अल्फा-अल्फा डायपिरिडिलच्या फवाऱ्याने करता येते, फेरस लोह असेल तिथे गुलाबी-लाल रंग उमटतो. फवारा हाताने नुकत्याच फोडलेल्या पृष्ठावर मारा. फावड्याच्या किंवा सुरीच्या पोलादाला लागलेली माती तशीही रंग दाखवू शकते.

ठिपक्यांपाशी थांबा, इथे घाई करू नका. पाणी तुंबलं की आधी मातीतला प्राणवायू संपतो, मग जिवाणू नायट्रेट, मँगनीज आणि त्यानंतर लोहाकडे वळतात. लोह विरघळून जिथून निघून जातं तिथली माती करडी पडते आणि जिथे हवा भेटते तिथे ते तांबूस होऊन बसतं. मुठीएवढं ढेकूळ दोन्ही हातांनी हळू उघडा. मधून केसाएवढी मुळाची वाट गेलेली असते आणि तिच्याभोवती गंजाची पातळ नळी, नारिंगी, काठाला गडद. नख लावलं तर नळी सुटून येते आणि खाली करडी चिकण दिसते. याचा अर्थ भोवताली हवा नव्हती, फक्त त्या वाटेने येत होती. एवढ्या छोट्या जागेत पूर्ण हंगामाची नोंद असते. ती बघताना मला अजून तितकाच आनंद होतो.

ठिपके किती, केवढे, किती उठून दिसतात, कुठे आहेत, हे चारही लिहा. पृष्ठाच्या २ टक्क्यांहून कमी असतील तर ‘थोडे’, २ ते २० पर्यंत ‘मध्यम’, त्यापुढे ‘पुष्कळ’. नुसता करडा रंग पाहून निकाल देऊ नका. तळ्यातली कितीतरी चिकण ज्या खडकातून आली त्यामुळेच करडी असते आणि वाळू तर स्वच्छ क्वार्ट्झची म्हणूनही फिकट दिसते. करड्याबरोबर मुळांच्या वाटांवर किंवा ढेकळांच्या पृष्ठावर तांबूस साठे दिसले तरच पुरावा पक्का.

आता दोन थरांची सीमा. ती किती खोलवर आहे हे खड्ड्याच्या चारही भिंतींवर मोजा, कारण ती क्वचितच सरळ असते. बदल किती अंतरात होतो तेही मोजा. २ सेंटिमीटरच्या आत असेल तर ‘एकदम’, २ ते ५ मध्ये ‘स्पष्ट’, ५ ते १५ मध्ये ‘हळूहळू’. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वर्गीकरणात हा बदल साडेबारा सेंटिमीटरच्या आत झाला तरच दोन पदार्थ ठळकपणे वेगळे धरतात, तेव्हा अंदाजाने लिहू नका. वाळू वेगळ्या रीतीने साचली म्हणून तिच्या थराच्या नावाआधी २ चा आकडा येतो. पातळ आम्लाचा थेंब दोन्हींवर टाका, चुना असेल तर माती फसफसते. चिकण फसफसली आणि वाळू गप्प राहिली, किंवा उलट झालं, तर तेही खोलीसकट लिहा.

पाण्याच्या बाबतीत सुरुवातीला मी एक मोठी चूक केली होती. चिकणीतून ऑगर खाली नेला, ९८ सेंटिमीटरवर ओली वाळू लागली, आणि अर्ध्या तासाने भोकात पाणी ५५ सेंटिमीटरवर येऊन थांबलं. मी सरळ लिहिलं, ‘भूजल ५५ सेंटिमीटरवर’. दुसऱ्या दिवशी शेजारीच खड्डा उघडला, तर ५५ पासून खालची चिकण नुसती ओलसर होती, भिंतीतून एक थेंबही झिरपत नव्हता. पाणी होतं वाळूत, चिकणीच्या झाकणाखाली दाबलेलं. मी झाकणाला भोक पाडलं म्हणून ते वर चढलं. तेव्हापासून दोन आकडे लिहिते: पाणी कुठे लागलं आणि कुठे येऊन थांबलं, मधल्या वेळेसकट.

याच्या अगदी उलटही होतं आणि ते जास्त फसवं आहे. पावसानंतर खड्डा घेतला तर चिकणीचे शेवटचे पाच-दहा सेंटिमीटर बोट रुतेल इतके मऊ लागतात आणि लगेच खालची वाळू जेमतेम दमट असते. वाटतं, वाळू आहे म्हणजे पाणी भराभर खाली जायला हवं. पण चिकणीची बारीक छिद्रं पाणी घट्ट ओढून धरतात आणि वाळूच्या मोठ्या छिद्रांत ते आपणहून उतरत नाही. चिकणीचा तळ जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत पाणी सीमेवरच लटकून राहतं. म्हणून खालची वाळू कोरडी पाहून ‘निचरा चांगला’ लिहिणं चूक. सीमेच्या वर आणि खाली बोट-बोट अंतरावरची माती हातात घ्या, ओल वेगवेगळी लिहा.

निचऱ्याचा वर्ग सर्वांत शेवटी लिहा. नांगरटीच्या लगेच खाली क्रोमा (मुन्सेलमधली रंगाची तीव्रता) २ किंवा त्याहून कमी, सोबत तांबूस साठे, सपाट किंवा खोलगट जागा, आणि पिकाच्या हंगामातही दीर्घकाळ उथळ ओल, हे सगळं जुळलं तर ‘निचरा खराब’. यातलं एखादं जुळत नसेल तर वर्गाशेजारी तसं लिहा. पुढच्या माणसाला तुमची शंकाही उपयोगी पडते.

माझ्या वहीतली एक नोंद खाली आहे. एपी म्हणजे नांगरटीचा थर, बी त्याखालचा, सी सर्वांत खालचा मूळ पदार्थ, आणि जी म्हणजे ओलीने करडा पडलेला. ‘१० वायआर ३/१’ सारखे आकडे मुन्सेलचे: आधी रंगछटा, मग उजळपणा, तिरप्या रेघेनंतर क्रोमा.

एपी, ० ते २२ सेंमी. गाळवट चिकण, १० वायआर ३/१. मध्यम दाणेदार, ओली असता चिकट. बारीक मुळं पुष्कळ. सीमा एकदम, सरळ.

बीजी१, २२ ते ५१ सेंमी. चिकण, १० वायआर ५/१. मुळांच्या वाटांवर ७.५ वायआर ५/६ चे तांबूस साठे, मध्यम प्रमाणात, ठळक. टोकदार कोनांची ढेकळं, घट्ट. मुळं ढेकळांच्या फटींतूनच, आत नाहीत. सीमा स्पष्ट.

बीजी२, ५१ ते ८६ सेंमी. चिकण, २.५ वाय ५/२. मोठी उभी ढेकळं, फार घट्ट. साठे मध्यम. आम्लाने थोडी फसफस. शेवटचे ७ सेंमी मऊ, बोट रुततं. सीमा एकदम, लाटांसारखी, चार भिंतींवर ८१ ते ९०.

२सीजी, ८६ ते १५० सेंमी (१०० खाली ऑगरने). बारीक वाळू, २.५ वाय ६/२. कण सुटे. वरचे २० सेंमी फक्त दमट. फसफस नाही. पाणी १३२ वर लागलं, ४० मिनिटांनी १२९ वर थांबलं.

खोदतानाच वाळू, चिकण आणि वरची माती यांचे ढीग वेगळे करून ठेवा. बुजवताना आधी वाळू टाका, मग चिकण वीत-वीतभर टाकून पायाने दाबत या, काळी माती सर्वांत वर. चिकण सैल राहिली तर त्या भोकातून खालचं पाणी चढेल किंवा वरचं खाली जाईल, आणि शेतकऱ्याच्या रानात तेवढाच एक तुकडा पुढची कित्येक वर्षं वेगळा दिसत राहील.