वाचाल तर वाचाल: ‘एल्डन रिंग’ पहिल्यांदा खेळताना

शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं ‘वाचाल तर वाचाल’ मला खऱ्या अर्थाने कळलं ते एका सोनेरी चिलखतातल्या घोडेस्वाराने चौथ्यांदा लोळवल्यावर. ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम सुरू केला की गुहेतून बाहेर येताच तो समोर दिसतो, ट्री सेंटिनल. पहिला दिसलेला शत्रू म्हणजे पहिला मारायचा शत्रू, अशी इतर गेम्सनी लावलेली सवय. तासाभराने कळलं की त्याच्या बाजूने, झाडांआडून, मुकाट्याने निघून जाता येतं.

हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. फ्रॉमसॉफ्टवेअर ही जपानी कंपनी, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि या जगाचं जुनं पुराण लिहिलं जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. तरी माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तो दोन संध्याकाळी खेळून सोडून दिला. त्यांची तक्रार ठरलेली: गोष्ट कळत नाही आणि लढाई जमत नाही. माझ्या मते ही एकच तक्रार आहे. दोन्हीकडे समोरचं नीट वाचावं लागतं, आणि वाचायचं काय हे गेम सांगत नाही. तेवढं इथे सांगतो. गोष्टीतले दोनतीन धागे उघड होतील, त्याला इलाज नाही.

पायरी १: पात्र निवडा, पण त्यात रात्र घालवू नका

सुरुवातीला दहा प्रकारची पात्रं मिळतात. हा निर्णय आयुष्यभराचा नाही. सामुराई पुढे जादूगार होऊ शकतो, ज्योतिषी तलवार चालवू शकतो. नवख्याने सामुराई किंवा व्हॅगाबाँड घ्यावा. सामुराईकडे धनुष्य असतं, म्हणजे लांबून एकेकाला खेचता येतं. व्हॅगाबाँडची ढाल साध्या हत्यारांचा मार पूर्ण अडवते. ‘रेच’ हे पात्र उघडंवाघडं, हातात एक सोटा घेऊन येतं. ते दुसऱ्या खेपेला.

खेळ सुरू होताच अनेक हातांचा एक कोळ्यासारखा प्राणी तुम्हाला मारतो. मरा, तसंच ठरलेलं आहे. पण त्याचं रूप डोक्यात ठेवा, पुढे लागेल. मग गुहेत एका खड्ड्याशी भूत बसलेलं दिसेल. त्या खड्ड्यात बिनधास्त उडी मारा. सगळी बटणं शिकवणारा भाग तिथेच खाली आहे, आणि असंख्य लोक तो न बघताच बाहेर पडतात.

पायरी २: दिशा वाचा

ठिकठिकाणी सोनेरी प्रकाशाच्या जागा आहेत, ग्रेस. तिथे बसलं की आयुष्य आणि औषधाच्या कुप्या भरतात, पण मेलेले साधे शत्रूही पुन्हा उठतात. काही ग्रेसमधून एका दिशेला प्रकाशाची रेघ निघते. ती मुख्य कथेची दिशा. ती फक्त बोट दाखवते, आत्ताच चल असं म्हणत नाही. नवखे इथेच फसतात.

सुरुवातीच्याच पडक्या एले चर्चवरून पुढे गेटफ्रंटच्या पडक्या वस्तीपर्यंत जा आणि तिथल्या ग्रेसवर बसा. मेलिना ही वाटाडी भेटेल, लेव्हल वाढवण्याची सोय होईल आणि टॉरेंट हा घोडा मिळेल. नकाशाचा तुकडाही तिथेच रस्त्याकडेच्या दगडी खांबापाशी आहे. घोडा मिळाला की एकदा एले चर्चला परत या. एक निळसर बाई भिंतीवर बसलेली असेल, ती आत्म्यांना बोलावण्याची घंटा देईल. घाईत अनेकांचं हे राहतं आणि मग अर्धा खेळ एकट्याने लढावा लागतो.

पायरी ३: गोष्ट वेचायला शिका

पूर्वपीठिका थोडक्यात. महावृक्षाच्या छायेतलं राज्य, राणी मारिका, तिथल्या विश्वाचा नियम धरून ठेवणारी एल्डन रिंग. ती फुटली, राणी नाहीशी झाली, आणि तुकड्यांसाठी तिच्या अर्धदेव मुलाबाळांत भाऊबंदकी पेटली. त्यात कुणीच जिंकलं नाही. तुम्ही टार्निश्ड, म्हणजे पूर्वी हाकलून दिलेल्यांपैकी एक, आता परत बोलावलेले. भाऊबंदकी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, त्यामुळे एवढं कळलं की पुरे.

बाकीची गोष्ट चार ठिकाणी विखुरलेली असते: वस्तूंच्या वर्णनांत, त्या वस्तू जिथे पडल्यात त्या जागेत, माणसांच्या बोलण्यात आणि शत्रूंच्या रूपात. सुरुवातीचा तो हातांचा प्राणी आठवा. पुढे स्टॉर्महिलवर एका मोडक्या झोपडीत लाल झग्यातली रोडेरिका भेटते. तिचे सोबती किल्ल्यावर गेले आणि तिथे त्यांचे हातपाय तोडून ‘कलम’ झालं, असं ती अर्धवट, भेदरलेलं बोलते. मग स्टॉर्मव्हेल किल्ल्यात, प्रेतांच्या ढिगापाशी, त्याच सोबत्यांची एक आठवणवस्तू सापडते. आणि शेवटी किल्ल्याचा धनी गॉड्रिक समोर येतो. अंगभर इतरांचे हात जोडलेला. हे सगळं जोडून कुणीही सांगत नाही. जोडणारे तुम्हीच. आंब्याचं कलम आपल्या परिचयाचं, माणसाचं कलम ही कल्पना मात्र मला कितीतरी दिवस सोडत नव्हती.

त्यासाठी तीन सवयी लावा.

कुठलीही नवी वस्तू मिळाली की तिचं वर्णन लगेच वाचा. निदान हत्यारं, चिलखतं आणि बॉसकडून, म्हणजे बड्या शत्रूकडून, मिळालेल्या वस्तूंचं तरी.

कुणीही भेटलं की तेच वाक्य पुन्हा येईपर्यंत बोलत राहा. एकदा ‘बरं, येतो’ म्हणून निघालात तर गोष्टीचा अर्धा भाग मागे राहतो. मोठा बॉस मेल्यावर जुन्या ओळखीच्यांना पुन्हा भेटा, त्यांचं बोलणं बदललेलं असतं.

आणि एक साधी वही ठेवा. कुणी काय मागितलं, कुठे भेटलं. ‘तुमची कामे’ अशी यादी या गेममध्ये नाही. मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटनंतर भेटलेल्या माणसांची नावं नकाशावर दिसू लागली, तेवढाच आधार.

गेममध्ये मराठी नाही, आणि इंग्रजी जुन्या वळणाचं, आडवळणाचं आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मियाझाकींनीच मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते वाचनालयातून आणलेली इंग्रजी पुस्तकं पूर्ण न कळता वाचत आणि मधल्या गाळलेल्या जागा कल्पनेने भरत. अर्धवट इंग्रजीतून गोष्ट ओढून काढण्याचा सराव आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेपासून आहेच.

एक इशारा. इथे काम नीट केलं म्हणजे शेवट गोड होतोच असं नाही. दक्षिणेकडे वीपिंग पेनिन्सुलाच्या तोंडाशी इरिना नावाची आंधळी मुलगी वडिलांना पत्र पोचवायला सांगते. पत्र पोचवा, किल्ला मोकळा करा आणि परत या. काय दिसतं ते लिहीत नाही. तुमची चूक झालेली नसते, एवढंच.

पायरी ४: लढाई वाचा

हिरवी पट्टी म्हणजे तुमचा दम. वार, कोलांटी, ढालीवरचा मार, सगळं त्यातूनच खर्च होतं. पट्टी शून्यावर आली की तुम्ही आयते सापडता. म्हणून पहिला नियम असा: चार वार बसतील असं वाटलं तर दोनच करा.

मग वजन. अंगावरचं ओझं क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या खाली असेल तर कोलांटी चपळ, ७० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यावर गेलं की गोणी पडल्यासारखी. भारी चिलखत मिळालं म्हणून घालून मिरवणारे इथे मार खातात. मध्यमवर राहा.

कोलांटीच्या सुरुवातीच्या क्षणभरात तुम्हाला मार लागत नाही. म्हणून ती पळून जाण्यासाठी नसते, वारातून आरपार जाण्यासाठी असते. बहुतेक वेळा मागे नाही, शत्रूच्या दिशेने किंवा त्याच्या बगलेकडे मारायची.

याची परीक्षा स्टॉर्मव्हेलच्या दाराशी मार्गिट घेतो. तो काठी उगारतो आणि थांबतो. तुम्ही घाबरून कोलांटी मारता, ती संपते, आणि मग काठी येते. हात वर गेला की बटण दाबायचं ही सवय तो मुद्दाम मोडतो. हात खाली यायला लागला की दाबा. दूर पळून औषध प्यायला लागलात तर प्रकाशाचा सुरा फेकून मारतो, म्हणून त्याचा वार हुकल्यावर, जवळ असतानाच प्या.

माझा उपाय: पहिले पाच डाव त्याला मारायचंच नाही. फक्त फिरायचं, चुकवायचं आणि बघायचं. कुठल्या वारानंतर त्याला सावरायला वेळ लागतो ते मोजायचं. पाचव्या डावापर्यंत दोनतीन मोकळ्या जागा हमखास दिसतात. त्या दिसल्या की वार त्यांतच करायचा, इतर वेळी हात आवरायचा.

ढाल असेल तर मार अडवून लगेच जोरदार वाराचं बटण दाबा, त्याला गार्ड काउंटर म्हणतात. उडी मारून केलेला जोरदार वारही तसाच उपयोगी. या दोन्हींनी शत्रूचा तोल सुटत जातो, तो गुडघ्यावर येतो, आणि मग जवळ जाऊन साधा वार केला तरी मोठा घाव बसतो. पॅरी, म्हणजे वार झटकून टाकणं, दिसायला देखणं आहे. तूर्त नको.

मेलात की जमवलेले रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारं, लेव्हल वाढवायला लागणारं चलन, तिथेच पडतात. परत जाऊन उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर गेले. बॉसच्या दाराशी जाण्याआधी रून्स खर्चून टाका, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही.

पायरी ५: अडलात तर वाट बदला

मार्गिटकडून दहा वेळा हरलात तर हिंमत कमी पडली असं समजू नका. तुम्ही लवकर आलात. दक्षिणेला जा. चर्चमध्ये मिळणाऱ्या सेक्रेड टिअर्सनी औषधाचा गुण वाढतो, छोट्या सोनेरी झाडांखालच्या बियांनी कुप्यांची संख्या. खाणींमधले स्मिदिंग स्टोन वापरून हत्यार धारदार करा. त्याने पडणारा फरक लेव्हलपेक्षा मोठा असतो. लेव्हल वाढवताना ‘व्हिगर’, म्हणजे आयुष्याची पट्टी वाढवणारा गुण, आधी. पन्नास तासांनंतरही एका फटक्यात मरणारे बहुतेक जण व्हिगरमध्ये कंजुषी केलेले असतात.

गंमत म्हणजे किल्ल्याच्या बाजूने कड्यालगत एक वाट आहे. तिने मार्गिट आणि गॉड्रिक दोघांनाही टाळून थेट पुढच्या प्रदेशात, लिअर्नियात, उतरता येतं. राजधानीत शिरायला अर्धदेवांकडचे, फुटलेल्या रिंगचे तुकडे असलेले दोन ग्रेट रून्स लागतात, ते कुठल्या दोघांकडून घ्यायचे हे तुमच्यावर आहे.

तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत तळघरातली पेटी उघडलीत तर धुरातून थेट केलिड या दूरच्या प्रदेशातल्या खाणीत जाऊन पडाल. भोवती सगळे तुमच्याहून कितीतरी बलवान. लढू नका. तोंड शोधा, बाहेर पळा. खाणीबाहेर आलात की नकाशावरून परत येता येतं.

पायरी ६: मदत घ्या

घंटेने आत्मे बोलावणं किंवा दुसऱ्या खेळाडूला साथीला घेणं याला काही जण लबाडी म्हणतात. ते गेमनेच दिलंय, वापरा. जमिनीवर इतर खेळाडूंनी लिहिलेले संदेशही दिसतील. ‘पुढे खजिना’ असं कड्याच्या अगदी टोकाला लिहिलेलं असेल तर लिहिणारा कुठेतरी बसून हसतोय.

सेव्ह आपोआप होतं, मागे जाता येत नाही. कथेत पुढे गेल्यावर राजधानीचं रूपच पालटतं आणि तिथलं काही राहिलं तर राहिलंच. त्याआधी वहीतली राहिलेली कामं बघून घ्या.

मी विसाव्या लेव्हलच्या पुढे, टॉरेंटवर बसून, त्या सोनेरी घोडेस्वाराकडे परत गेलो. त्याच्या ढालीच्या बाजूने घोडा काढला, दोन वार, लांब, पुन्हा दोन वार. पाचसात मिनिटं लागली. त्याचं गोल्डन हॅल्बर्ड मिळालं. उचलायला ३० ताकद हवी, माझी १६. वर्णन वाचलं आणि पिशवीत टाकलं.