बॅटरी बदलण्याआधी इस्त्री लावून बघा

ऑफ-ग्रिड सोलर बिघडलं की सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं : "बॅटऱ्या बसल्या." वायरमन तेच म्हणतो, दुकानदार तेच म्हणतो, शेजारी तर झाकण न उघडताच म्हणतो. ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरावर आमच्या वाडीतल्या खोलीपर्यंत विजेची तार आलेली नाही. पंप, पंखे, दिवे सगळं २४ व्होल्टच्या सोलरवर चालतं, आणि हे निदान मी एकदा रोख पैसे मोजून विकत घेतलेलं आहे. त्यानंतर स्वतःची आणि ओळखीपाळखीतली बरीच सिस्टिम उघडून पाहिली. खरोखर बसलेली बॅटरी निघतेही, नाही असं नाही. पण पहिला संशय तिच्यावर घ्यायचा नाही.

इथे लिहिलेलं सगळं ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालाव्या लागणाऱ्या शिसे-अ‍ॅसिडच्या बॅटऱ्यांबद्दल आहे. लिथियमचं तंत्र वेगळं.

मल्टीमीटर, हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) आणि पाने लागतील. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असला तर उत्तम. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि शेजारी उदबत्तीसुद्धा नको. एका घरी बॅटरीच्या बरोबर वर देवघर होतं, ते मी हलवायला लावलं.

पॅनेल धुवा. सावली बघा, तीही सकाळी दहाला, दुपारी एकला आणि तीनला अशी तीनदा. येऊरची झाडं एका पावसाळ्यात किती फोफावतात ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावली त्याचा तिसरा हिस्सा सहज बंद पाडते. आणि जुलैत आठवडाभर झड लागलेली असेल तर बिघाड शोधत बसू नका. ऊनच नाही, तर सिस्टिम काय करणार?

काही सोडवायचं झालं तर क्रम पाळा. आधी पॅनेल तोडा, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी, मग पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलचा सगळा व्होल्टेज चार्ज कंट्रोलरवर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा) येतो आणि स्वस्तातले कंट्रोलर तिथेच जातात. पॅनेलचे कनेक्टर भर उन्हात, करंट चालू असताना ओढायचे नाहीत. डीसीची ठिणगी विझत नाही, ताणली जाते.

आता बॅटरीचा विसाव्याचा व्होल्टेज. पहाटे मोजा, रात्रभर लोड बंद ठेवून. एकीला एक जोडलेल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे मिळून २५.४ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेल्या, २४.४ म्हणजे साधारण निम्म्या, २४ च्या खाली म्हणजे उतरलेल्या. दोन्ही वेगवेगळ्या मोजायला विसरू नका. एक १२.७ आणि दुसरी १२.१ असेल तर बेरीज ठीक दिसते आणि आत घोळ असतो. दुपारी मीटरवर २८ दिसतात ते खरे धरू नका. तो कंट्रोलरचा जोर असतो, बॅटरीचा नव्हे.

इथवर सगळेच येतात, आणि इथेच चुकीचा सल्ला मिळतो : "व्होल्टेज बरोबर आहे, तरी इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे बॅटरी लोड घेत नाही."

माझंही असंच झालं. पहाटे २५.४, आणि पंप लावला की इन्व्हर्टर "लो बॅटरी" म्हणून ओरडून बंद. तपासायला आलेल्याने दोन मिनिटांत सांगितलं, "ताई, बॅटऱ्या गेल्या." मी ऐकलं. साठ किलोच्या आसपासची एकेक नवी बॅटरी डोंगराखालच्या उपवनवरून टेम्पोने वर आणली, जुन्या बदल्यात दिल्या. त्याच संध्याकाळी पंप लावला, आणि इन्व्हर्टर त्याच सुरात ओरडला.

दोष बॅटरी ते इन्व्हर्टर या वाटेत होता, वायरीत आणि जोडांत. तो विसाव्यात दिसत नाही. करंट वाहत नसेल तर सडलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज मीटरपर्यंत पोचतो. म्हणून भार टाकूनच मोजायचं, आणि भार स्थिर हवा. त्यासाठी पंप उपयोगाचा नाही, सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो आणि आकडा नाचतो. मी ७५० वॉटची साधी इस्त्री लावते. २४ व्होल्टच्या बाजूला ती साधारण ३५ अँपिअर घेते. खटका सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा आणि हात चालवा, कारण तापली की ती आपोआप बंद होते आणि तुम्ही भार नसताना मोजत बसता.

पॅनेल तोडलेलं, इस्त्री चालू. आधी बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर मोजा. मीटरची पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, थिंबलवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) नाही. खुंट आणि थिंबल यांच्या मधला गंज हाच बहुतेक वेळा चोर असतो, आणि थिंबलवर मोजलं तर तो हिशेबात धरला जातो की सुटतो ते तुम्हाला कळतच नाही. मग लगेच इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर मोजा. माझ्याकडे खुंटावर २४.३ आणि इन्व्हर्टरवर २२.१ होते. मधले २.२ व्होल्ट गेले कुठे? ३५ ने गुणा : ७७ वॉट. कुठेतरी एक बल्ब पेटलेला होता, फक्त उजेड न देता. पंप उचलताना १०० अँपिअर लागले, तर त्याच वाटेत सहा व्होल्ट गळणार. इन्व्हर्टर २१ च्या आसपास बंद होतो. नव्या बॅटऱ्या बिचाऱ्या काय करतील?

आता मीटर दोन व्होल्टच्या रेंजवर घ्या आणि एकेक जोड ओलांडून मोजत जा. खुंट ते थिंबल, दोन बॅटऱ्यांमधली जोडतार, फ्यूजची अलीकडची बाजू ते पलीकडची, एमसीबीचं (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) एक टोक ते दुसरं. निगेटिव्ह वायरही पूर्ण तपासायची. लोक ती विसरतात. एका जोडावर ३५ अँपिअरला ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं की मी तो जोड उघडते. फ्यूज आणि एमसीबी थोडं जास्त खातात, पण सगळ्या वाटेची गळती अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. माझ्याकडे एकट्या फ्यूज होल्डरच्या थिंबलवर १.७ होते. ते क्रिम्प केलेलंच (हत्याराने वायरीवर घट्ट दाबून बसवलेलंच) नव्हतं, पक्कडने दाबून काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत हिरवट पूड. खाडीवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांपुढे उघडं तांबं टिकत नाही.

एक ताकीद. मीटरची लाल पिन "१० अँपिअर"च्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही ती बॅटरीवर टेकवलीत, तर तुम्ही बॅटरी शॉर्ट केलीत. मी केली आहे. पिनेचं टोक वितळलं, आणि तोंड जरा दूर होतं म्हणून मी हे लिहिते आहे. प्रत्येक वेळी मोजण्याआधी भोक बघा.

दुरुस्तीत काटकसर नको. टिनचा मुलामा असलेली तांब्याची थिंबल मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारातून आणा आणि हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. पांढरी बुरशी असेल तर सेलची बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं. पेट्रोलियम जेली नट आवळल्यावर वरून लावायची. आधी चोपडून मग आवळा असं सांगणारे भेटतात, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि वाटेत घरगुती एसी एमसीबी बसवलेला सापडला तर तो काढा. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून त्यातली ठिणगी विझते. डीसीत ती सोय नाही, डीसीचाच एमसीबी लागतो.

वाट स्वच्छ निघाली आणि भाराखाली खुंटावरच व्होल्टेज कोसळत असेल, तरच बॅटरीवर संशय घ्या. पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ थांबून हायड्रोमीटर लावा. आपल्याकडच्या ट्यूब्युलरमध्ये भरलेला सेल १.२४० च्या आसपास घनता दाखवतो. बॅटरीतल्या सहांपैकी बाकीचे पाच तिथे आणि एक १.१८० वर, म्हणजे तो सेल गेला. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी बहुधा उपाशी आहे. कंट्रोलरमध्ये चुकून सीलबंद बॅटरीचं सेटिंग असतं, ते बॅटरीवरच्या छापील आकड्यांशी ताडून बघा. वरून अ‍ॅसिड घालू नका. पाणी फक्त डिस्टिल्ड. एअर कंडिशनरमधून ठिबकणारं "शुद्धच असतं" हे मला निदान दहा जणांनी सांगितलंय. कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरतात.

एक सेल गेला म्हणून जोडीतली एकच बॅटरी नवी आणायचा मोह होईल. जोडी जुनी असेल तर नको. जुनी लवकर भरते, लवकर उतरते, आणि नवीला आपल्याबरोबर ओढते.

काम झालं की इस्त्री पुन्हा लावा, खुंटावरचा आणि इन्व्हर्टरवरचा आकडा तारखेसकट बॅटऱ्यांच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहा. आठवड्याने नट एकदा आवळून बघा, शिसं मऊ असतं, बसतं. माझ्या झाकणावर शेवटची नोंद २४.४ आणि २४.१ अशी आहे. तिच्या खाली पालीची वाळलेली शेपटी चिकटलेली आहे, तिचं कारण वेगळं : खोक्याला वायरसाठी पाडलेलं भोक बुजवायचं राहून गेलं होतं. तेही बुजवा.