कोको लावायचा म्हणताय? आधी सावली उभी करा

रोहिणी लागली की रोपांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात, आणि औंदा त्यात कोकोची, म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं त्या झाडाची, रोपं पण दिसायलीत. २०२४ मधे केरळात वाळलेल्या कोको बियांचा भाव किलोला हजाराच्या वर गेला होता, त्याचे रील अजून फिरायलेत, नंतर तो भाव किती आपटला ते मात्र रीलवाला सांगत नाही. चारपाच जणांचे फोन आले म्हणून लिहायलोय.

सरळ सांगतो, मराठवाड्यात एकरभर कोको लावू नका. हे झाड नारळ-सुपारीच्या बागेतलं, त्याला १५०० ते २००० मिमी पाऊस, दमट हवा आणि डोक्यावर सावली लागते. आपल्याकडं ७००-८०० मिमी, तोही लहरी, आणि मे महिन्यात ४३ डिग्री. पाणी ड्रिपनं देता येतं हो, पण वाऱ्यातला ओलावा कुठून आणणार? माझ्याकडं विहिरीजवळ आंब्याखाली पाच रोपं होती, ड्रिप चालू असूनही एप्रिलच्या झळांनी पानांच्या कडा विडीच्या पानासारख्या कुरकुरीत झाल्या, तीन गेली. दोन राहिली ती केळीच्या आडोशाला होती ती.

तरी हौस असेल तर पाच-दहा झाडं लावा, त्यातून शिकायला मिळतं. पण या मृगात कोको नको, सावली लावा. अर्धापूर-वसमत पट्ट्यात ज्यांची केळीची मृगबाग (जून-जुलैची लागवड) असते त्यांचं काम सोपंय, केळी आहेच. बाकीच्यांनी पहिला चांगला पाऊस झाला की गिरीपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) तीन-चार फुटी दांडे रोवा, पश्चिमेच्या बांधाला शेवरी दाट टाका म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही अडतात, आणि पुढच्या वर्षी त्या सावलीत कोको. लहान रोपाला निम्म्याच्या वर सावली पाहिजे, झाड मोठं झालं की गिरीपुष्प छाटून थोडं ऊन आत घ्यायचं, आणि छाटलेला पाला तिथंच बुडाला टाकायचा.

जमिनीचं पण बघा. कोकोची अन्न-पाणी ओढणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की ती मुळं तुटतात आणि पावसाळ्यात पाणी साचलं की कुजतात, म्हणजे दोन्हीकडून मार. चुनखडीच्या जमिनीत तर नादच सोडा. निचऱ्याची मध्यम जमीन, उंच गादीवाफा, वर केळीच्या पानांचं जाड आच्छादन, आणि बुडाशी खुरपं-कोळपं अजिबात नको. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज वीसेक लिटर पाणी धरून चला.

एक गंमत सांगतो. कोकोला फुलं फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडावर येतात, नखाएवढी. ती फळवतात बारीक चिलटं, मधमाशी नाही. आणि ती चिलटं वाढतात कुजक्या ओल्या पाल्यात, म्हणून केळीचे कापलेले खुंट बाहेर फेकू नका, तुकडे करून झाडाखाली कुजू द्या. बऱ्याच झाडांना स्वतःचं परागकण चालत नाही, त्यामुळं एकाच कलमाची सगळी रोपं घेतली तर फुलंच बघत बसाल. फळ तयार झालं की पिरगाळून ओढायचं नाही, कात्रीनं देठ कापायचा, कारण खोडावरच्या त्याच गाठीवर परत फुलं येतात. खारी आणि उंदीर फळ पोखरतात तेही ध्यानात ठेवा.

विक्रीचं काय, हा प्रश्न गाडीवाल्याला विचारा आणि त्याचं तोंड बघा. ओल्या बिया तशाच सुकवल्या तर चॉकलेटची चव येत नाही, आधी पाच-सहा दिवस ढीग घालून, मधून मधून हलवून आंबवाव्या लागतात, मग वाळवण. त्या ढिगाला आतून ४५ डिग्रीच्या वर ऊब यायला पाहिजे आणि त्यासाठी माल बऱ्यापैकी लागतो, दहा झाडांच्या पाटीभर बियांत ती ऊब धरत नाही. चांगल्या बागेत झाडामागं वर्षाला एक-दोन किलो वाळलेला माल निघतो, तोही तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून चढत चढत. आणि घेणारे केरळात, आंध्रात, नाहीतर कर्नाटकात पुत्तूरकडं. नांदेडहून दहा किलोचं पोतं तिकडं पाठवायचं भाडं आधी काढा.

रोप घेतलंच तर पिशवी फोडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पहिला उन्हाळा वरून शेडनेटचा तुकडा बांधा, केळी असली तरी.