सोलापुरात पानगळ आणि अळंबी बघायला निघताय? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की मोबाईलवर लाल-केशरी झाडांच्या रील्स सुरू होतात, मग आपली मंडळी गाडी काढून नान्नजच्या माळावर जातात आणि झाडं हिरवीच बघून म्हणतात, सोलापुरात काय नाय ओ बघायला. महिनाच चुकला की! थंड प्रदेशात दिवस लहान होतो, गारठा वाढतो, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो, लाल रंग तर काही झाडं तेव्हाच नव्यानं बनवतात. आपल्याकडची झाडं मात्र जमिनीतलं पाणी कमी पडायला लागलं म्हणून पानं टाकतात, त्यामुळे इथली पानगळ शिशिरात, साधारण जानेवारी ते मार्च. लालच पाहिजे असेल तर तेव्हा कॉलनीतलं देशी बदामाचं झाड बघा, पानं गळायच्या आधी लालभडक होतात, आणि शिमग्याला पळस आहेच.

ऑक्टोबरात बघायचं ते गवत. बार्शी रोडला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ सालचं, माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका पण काळवीट दिसतात. भर दुपारी गेलात तर ऊनही खाल आणि फोटोत गवत मळकट येईल, सकाळी लवकर जा आणि सूर्य गवताच्या मागे ठेवा, कुसळं सोन्यासारखी चमकतात. हीच कुसळं सुती मोज्यात घुसली की दिवसभर टोचत बसतात, म्हणून बूट उंच घाला. फुरसं हा विषारी साप मातीच्याच रंगाचा असतो, दगडाखाली किंवा वारुळात हात घालायचा नाही, अळंबी दिसली तरी नाही.

आता अळंबी. आपला मोठा पाऊस सप्टेंबरचा, त्यामुळे दसऱ्यापर्यंत बांधावर, वारुळाशेजारी, अगदी सोसायटीच्या लॉनवरही छत्र्या उगवतात. बघा, फोटो काढा, छत्रीखालच्या पडद्यांचाही काढा, पण खाऊ नका. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतंय, हे सगळं खोटं आहे. लॉनवरची एक मोठी पांढरी छत्री खाण्यासारखीच दिसते, जून झाली की पडदे हिरवट होतात, खाल्ली तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. काहींचं विष त्याहून वाईट, सहा-बारा तास काहीच होत नाही, मग पोट बिघडतं, मग एक दिवस बरं वाटतं आणि आतून लिव्हर जात असतं. शिजवून ते विष जात नाही. मोबाईलच्या अ‍ॅपनं सांगितलेलं नाव बघून तर कढई ठेवूच नका, वारुळाची अळंबी वर्षानुवर्षं ओळखणारी जुनी माणसं असतात ती गोष्ट वेगळी, पण शेजारच्या काकूंनी खाल्ली म्हणून आपण खायची हे काय लॉजिक? आणि अभयारण्यातून काहीही उचलून आणणं कायद्यानं गुन्हा आहे, अळंबीसुद्धा.

कुणी खाल्लीच असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नका, त्रास नसला तरी १०८ लावा नाहीतर थेट सिव्हिल गाठा, उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्या आणि किती वाजता खाल्ली ते सांगा. बरं वाटतंय म्हणून मधेच घरी आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जिभेला अळंबीच पाहिजे असेल तर बाजारातली धिंगरी अळंबी आणा, झणझणीत रस्सा आणि कडक भाकरी, विषय संपला.

आणि ज्यांना खरीच लाल पानं बघायचीत त्यांनी पैसे साठवून काश्मीरला जावं, पण दिवाळीची सुट्टी लागली म्हणून डोळे झाकून बुकिंग करू नका, दिवाळी मागं-पुढं होते, लाल होणारी चिनारची झाडं होत नाहीत. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य धरा, श्रीनगरला नसीम बागेत जा. तिथं ताजी गुच्छी, म्हणजे तिकडची रानअळंबी, मागू नका मात्र, ती वसंतातली, त्या दिवसांत मिळते ती वाळवलेली, आणि तीसुद्धा कच्ची खायची नसते.