‘पळू नका’चं ‘पळू’ होतं: मेगाफोन घेताना आणि वापरताना या चुका टाळा

मी शाळेत खेळ शिकवते. शाळेने पहिला मेगाफोन घेतला तेव्हा मी मैदानाच्या एका टोकाला उभी राहिले आणि शिपाईमामांना दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी पाठवलं. “मामा, ऐकू येतंय का?” मामा हातवारे करत परत आले आणि म्हणाले, “बाई, ऐकू येतंय की चांगलं. काय म्हणताय तेवढं कळत नाही.”

क्रीडादिन, प्रभातफेरी, सहल, अशा ठिकाणी हा कर्णा वापरून आता बरीच वर्षं झाली. या काळात त्याच्याबद्दल ऐकलेल्या बहुतेक तक्रारी मामांच्या त्या एका वाक्यात बसतात.

खोक्यावरचे वॅट बघून घेणं

दुकानदार २५ वॅटचा दाखवतो, आपण म्हणतो ५० चा द्या. इथे थोडं गणित करू या. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. म्हणजे दुप्पट लांब पोचायला वॅट चौपट लागतात. वर्गाच्या सहलीला ५० वॅट घेऊन फार काही हाती लागत नाही, वजन मात्र वाढतं.

शिवाय ते ५० खरे आहेत का? आत बॅटरी कोणती आहे ते बघा. ३.७ व्होल्टची १५०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे साधारण साडेपाच वॅट-तास, एक वॅट ओढला तर साडेपाच तास पुरेल एवढी. तिच्यावर खरोखर सलग ५० वॅट ओढले तर ती सात मिनिटंही टिकणार नाही. खोक्यावर मात्र ‘पाच तास चालतो’ असं छापलेलं असतं. दोन्हींपैकी एक आकडा नक्कीच हवेतला आहे. ‘१ किलोमीटर रेंज’चंही तसंच. सायरन एखादवेळी पोचेलही, पण “दोन रांगा करा” हे शब्द तिथवर पोचत नाहीत.

दुकानात काउंटरपाशी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणून काहीच कळत नाही. सोबत कुणाला तरी न्या, त्याला रस्त्यापलीकडे उभं करा आणि त्याला माहीत नसलेलं एखादं वाक्य बोला. त्याने ते जसंच्या तसं परत सांगितलं तर यंत्र चांगलं. आणि सेल घालून हातात धरून बघा. एक जाडा अल्कलाइन सेल सुमारे १४० ग्रॅमचा असतो. आठ सेलांचा कर्णा म्हणजे नुसत्या सेलांचंच किलोभर ओझं, तेही खांद्याच्या उंचीवर धरायचं. दहाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. तासभर काम असेल तर खांद्याला पट्टा आणि माइक वेगळा असलेला प्रकार घ्या.

सेलांची खिचडी

“मागच्या वेळचे चार चांगले आहेत, दोनच नवे आणा” हे आमच्या कार्यालयातलं आवडतं वाक्य. सहा सेल एका माळेत जोडलेले असतात. त्यातला जुना आधी संपतो, नवे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो फुटून गळायला लागतो. जुने-नवे, अल्कलाइन आणि साधे, दोन कंपन्यांचे, असं काहीही मिसळू नका. घालायचे तर सगळे एकदम नवे.

रिचार्जेबल सेल घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. सहा सेलांचे ९ व्होल्ट व्हायचे ते ७.२ होतात. बहुतेक कर्णे तेवढ्यावर चालतात, जोर थोडा कमी. पेन्सिल सेल जाड्या सेलाच्या प्लॅस्टिक टोपणात बसवून चालवण्याची युक्तीही चालते, पण कार्यक्रम अर्धा झाला की आवाज बसतो.

चालू कार्यक्रमात आवाज गेला तर आमची पद्धत अशी. आधी सायरनचं बटण दाबा. सायरन दणक्यात वाजला पण बोलणं येत नाही, तर दोष माइकचा किंवा त्याच्या गुंडाळी वायरचा. वायर मुळाशी धरून हळूच हलवा. खरखर आली की तिथेच तुटली आहे, झाळकाम (सोल्डरिंग) करणारा कुणीही दुरुस्त करून देईल. सायरनही मरगळलेला असेल तर सेल. अजून एक खूण आहे, बोलायला लागलं की लाल दिवा मंद होतो आणि मोठ्या अक्षरांवर आवाज फाटतो. हेही सेलच. आणि अजिबातच काही होत नसेल तर बहुधा एखादा सेल उलटा बसला आहे. हसू नका, २६ जानेवारीच्या सकाळी साडेसहाला अंधारात सेल घालून बघा.

सेलच्या घरात पांढरी पावडर दिसली तर कर्णा फेकू नका. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते, कापसाच्या काडीवर दोन थेंब लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. साध्या, स्वस्त सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे लिंबाऐवजी पाण्यात कालवलेला खायचा सोडा. हातात मोजे घाला. स्प्रिंग काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून चमकवा.

ओरडणं, आणि खटक्याची घाई

हातात कर्णा आला की माणूस ओरडतोच. यंत्र तुमच्यासाठीच ओरडणार असतं. तुम्ही ओरडलात की आतला अ‍ॅम्प्लिफायर भरून जातो आणि बाहेर नुसता फाटका आवाज पडतो. तोंड माइकपासून दोन बोटांवर, नेहमीच्या आवाजात, नेहमीपेक्षा सावकाश.

त्याहून मोठी गडबड खटक्याची, म्हणजे बोलताना दाबून धरायच्या बटणाची होते. खटका दाबल्याबरोबर बोललं की पहिलं अक्षर खाल्लं जातं, “थांबा”चं “बा” होतं. शेवटचं अक्षर तोंडातून निघायच्या आत बोट उचललं तर आणखी वाईट. एका सहलीत धबधब्याजवळ मी ओरडले, “पळू नका!” घाईत बोट सुटलं. मुलांना ऐकू गेलं ते “पळू”. ती पळाली. तेव्हापासून मी कर्ण्यावर ‘नका’ वापरणं सोडलं. जे करायला हवं तेच सांगते: “जागेवर थांबा. खाली बसा.” आणि खटका दाबून मनात ‘एक’ म्हणते, बोलून झाल्यावर पुन्हा ‘एक’, मग बोट उचलते.

आपल्या आकड्यांचीही फजिती होते. कर्णा आवाजातला खालचा भाग आणि बारीक फुसफुस दोन्ही खातो. “एकोणसाठ” आणि “एकोणसत्तर” यांतला फरक मैदानापलीकडे उरत नाही. धावपटूंचे छातीवरचे नंबर मी आता सुटे पुकारते: “पाच, नऊ.” मराठीच्या सरांना ते आवडत नाही.

कर्णा कोकलतो तेव्हा

कूऽऽ अशी शिट्टी येते, सगळे कान झाकतात, आणि बोलणारा घाबरून माइक मुठीत झाकतो. त्याने शिट्टी वाढते. कर्ण्यातून निघालेला आवाज फिरून माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, असं हे चक्र. मूठ सोडा, आवाजाचं बटण थोडं उतरवा, तोंड जवळ न्या. भिंतीकडे किंवा पत्र्याच्या शेडकडे तोंड करून उभे असाल तर वळा. वेगळा माइक असलेल्या प्रकारात माइक नेहमी कर्ण्याच्या मागे राहिला पाहिजे. दोन सर शेजारी-शेजारी दोन कर्णे घेऊन उभे राहिले की शिट्टी ठरलेलीच.

समोर ५० मीटरवर इमारत असेल तर आवाज आपटून ०.३ सेकंदाने परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. तिथे तुकड्या-तुकड्याने बोला.

पुढे चालून मागच्यांना सांगणं

ही प्रभातफेरीतली चूक. सर कर्णा घेऊन सर्वांत पुढे, तोंड रस्त्याकडे, घोषणा देतात. सगळा आवाज गावातल्या रिकाम्या रस्त्याला, मागच्या तीनशे मुलांना काहीच नाही. आवाज कर्ण्याचं तोंड जिकडे तिकडेच जास्त जातो. कर्णेवाल्याने रांगेच्या मध्यावर, बाजूने चालावं आणि कर्णा मुलांकडे धरावा. मैदानावर ओट्यावर किंवा बाकावर चढा, आवाज डोक्यांवरून जाऊ द्या. जमलं तर वारा पाठीशी घ्या, वाऱ्याच्या दिशेने आवाज लांब जातो.

बाकी थोडक्यात. पावसात माइकवरची फोमची टोपी भिजली तर काढून पिळा. ओल्या टोपीतून आवाज उशीतून आल्यासारखा येतो. सायरन माणसाच्या कानाशी वाजवू नका. जवळून तो सहज १०० डेसिबलच्या वर असतो, आणि मुलांना नेमकं तेच बटण आवडतं. हातात धरायचा आहे म्हणून तो ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतून सुटतो असंही समजू नका. सार्वजनिक ठिकाणी वापरायला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंद. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या रुग्णालय-शाळा-न्यायालयांभोवतीचे १०० मीटर सोडून द्या. फेरी काढण्याआधी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवतो, त्याची पोच माझ्या पर्समध्ये असते.

काम झालं की सेल बाहेर काढून ठेवा. चार्जिंगचा असेल तर पूर्ण उतरलेला कपाटात टाकू नका, दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. आणि कर्ण्यावर मार्करने शाळेचं नाव लिहा. आमचा पहिला मेगाफोन गणपतीत एका मंडळाने दोन दिवसांसाठी नेला होता. दिवाळीनंतर परत आला, गुलालाने भरलेला, आणि सेल आतच.